तगरीवरचे डोळे

माझं शिक्षण चौथीपर्यंत. चौथीच्या पुस्तकात एक चित्र होतं: अळी, कोश, फुलपाखरू, आणि मधल्या जागेत बाण. बाईंनी ते आमच्याकडून घोकून घेतलं. मी परीक्षेत लिहिलं आणि पास झाले. पण कळवणला आमच्या घरच्या वालावर, हरभऱ्यावर अळ्या ढिगाने असायच्या आणि त्यांतली एकही मी फुलपाखरू होताना पाहिली नव्हती. आम्ही त्या चिरडायचो. त्या बाणाच्या जागी काय असतं ते बघायला मला लग्न होऊन, दोन मुलं होऊन नाशिकला यावं लागलं.

इंदिरानगर तेव्हा नुकतं वसत होतं. चार घरं, मग कुणाची तरी बाजरी, मग पुन्हा दोन घरं. आमचे हे सातपूरला कारखान्यात होते. सासू-सासरे शेत धाकट्या दिराच्या हवाली करून आमच्याकडे राहायला आले होते. सासऱ्यांना रिकामं बसवत नव्हतं, म्हणून त्यांनी एका पावसाळ्यात घराच्या कडेने तगरीच्या फांद्या खोचल्या. तगर हट्टी झाड, खोचली की लागते.

पुढे सासऱ्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला. ताटातली भाकरी चाचपून घ्यायचे. त्यांनी लावलेली तगर माणसाएवढी उंच झाली, पांढरी झाली, पण त्यांना दिसली नाही. सासूबाईंनी कुठल्याशा कीर्तनात ऐकून नवस बोलला: ह्यांना दिसायला लागलं तर चातुर्मासात महादेवाला ह्यांच्या हातच्या तगरीची एक लाख पांढरी फुलं वाहीन. याला लाखोली म्हणतात. ऑपरेशन झालं, बाटलीच्या बुडाएवढ्या जाड भिंगांचा चष्मा आला, आणि सासरे अंगणात येऊन म्हणाले, "हे एवढं कधी वाढलं?" त्या भिंगांतून त्यांचे डोळे इतके मोठे दिसायचे की माझी धाकटी मुलगी पहिल्या दिवशी रडली.

देवाने आपलं काम केलं होतं. आता आमचं काम उरलं.

तगरीचं फूल संध्याकाळी उमलतं, रात्रभर वास देतं आणि ऊन चढलं की मान टाकतं. म्हणून पहाटे तोडायचं. मी तोडायची, सासूबाई मोजायच्या. शंभर फुलं झाली की पितळी डब्यात एक चिंचोका. आषाढीपासून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत असे हजार चिंचोके डब्यात पडायला हवे होते. मी एकदा म्हटलं, "आत्याबाई, शंभर फुलं एकदा तराजूत जोखू. मग रोज वजनावर घेऊ."

"देवाला भाजी विकायचीय का?" त्या म्हणाल्या. विषय संपला.

श्रावणात तगरीखाली काळ्या लेंड्या दिसायला लागल्या. मिऱ्यांहून मोठ्या, उभ्या खाचा पडलेल्या. मला वाटलं घूस. सासूबाईंनी पिंजरा लावला, त्यात भाकरीचा तुकडा अडकवला. पिंजरा रिकामा राहिला, लेंड्या वाढत गेल्या आणि झाडाचे शेंडे बोडके व्हायला लागले. घूस शेंड्यावर कशी चढेल? मग मी जिथे लेंडी पडली होती त्याच्या बरोबर वर बघायला लागले. हिरव्या पानांशिवाय काही दिसेना. बराच वेळ तशीच मान वर करून उभी राहिले, तेव्हा एक देठ हलला. तो देठ नव्हता.

माझ्या अंगठ्याहून जाड, मधल्या बोटापेक्षा लांब, हिरवीगार अळी होती ती. कुशीवरून पांढरा पट्टा, त्याच्या आजूबाजूला मीठ सांडल्यासारखे ठिपके. शेपटीकडे पिवळसर, वाकडं, ठेंगणं शिंग. मी फांदी खाली ओढली, तशी तिने तोंड पोटाशी घेतलं, मान फुगवली, आणि मानेवर दोन डोळे उघडले. निळे, काळ्या काठाचे, मध्ये पांढरं.

शेजारीण दूध घेऊन येत होती. ती ओरडली, "साप! अहो वहिनी, हात काढा, साप हाय तो!"

"सापाला पाय नसतात," मी म्हटलं. "याला आहेत. बघा."

ती बघायला आली नाही. दूध घेऊन पळाली आणि दुपारपर्यंत सगळ्या कॉलनीत आमच्या तगरीवर शिंगवाला साप निघाला होता.

ते डोळे खोटे होते. खरं तोंड पुढे, खाली, वाटाण्याएवढं. मी शिंगाला आधी काडी लावली, मग बोट लावलं. टोचलं नाही. मऊ होतं. मग ते कशासाठी? तोंडाच्या उलट्या टोकाला शिंग घेऊन कुणाशी भांडणार? मला आजही माहीत नाही.

सासरे चष्मा सावरत आले. त्यांनी नाक अळीला लागेल इतकं जवळ नेलं. अळीने पुन्हा मान फुगवली. एका बाजूला भिंगातले दोन मोठे डोळे, दुसऱ्या बाजूला मानेवरचे दोन.

"सूनबाई," ते म्हणाले, "हिचं पण ऑपरेशन झालंय वाटतं."

मी हसले. सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी बोडका शेंडा बघितला, खाली पडलेल्या कळ्यांचे तुकडे बघितले आणि म्हणाल्या, "ह्यांच्या डोळ्यांसाठी मी फुलं मोजू राहिले, आन् हे डोळे माझी फुलं खाऊ राहिले. काढ त्या."

काढायच्या कशा हा प्रश्न होता. शेजारणीने तिच्या ओट्यावरून गॅमेक्झिन पावडर मारायला सांगितलं. पण पावडर मारलेलं, वास मारणारं फूल महादेवाच्या डोक्यावर कसं घालणार? शिवाय चातुर्मास. सासूबाई कांदा-लसूण खात नव्हत्या, त्या जीव मारणार नव्हत्या.

"तू मार," त्या मला म्हणाल्या.

"म्हणजे पाप माझं आणि पुण्य तुमचं?"

"तुझी जीभ लय लांब हाय," त्या म्हणाल्या.

मी तुपाचा रिकामा डबा घेतला आणि एक-एक अळी फांदीसकट तोडून त्यात टाकली. पहिल्या दिवशी पलीकडच्या बाजरीच्या बांधावर नेऊन सोडल्या. दुसऱ्या दिवशी बघते तर तशाच बसलेल्या, जरा बारीक झालेल्या, बाजरीला दात लावलेला नाही. मग दोन-तीन घरी आणून पाटीखाली ठेवल्या आणि निरनिराळा पाला घालून बघितला. पेरूचा घातला, जास्वंदीचा घातला, मेथी घातली. मेथी कुणी सोडत नाही, पण ह्या तिच्यावरून चालत पलीकडे गेल्या. एक मेली. मला वाईट वाटलं असं नाही. मला प्रश्न पडला की समोर एवढं हिरवं असताना ही उपाशी का मरते.

शेवटी सदाफुली घातली आणि पाटीखालून कुरकुर आवाज यायला लागला. मग कण्हेर घातली, तीही खाल्ली. तगर, कण्हेर, सदाफुली. तगर आणि कण्हेर तोडली की पांढरा चीक येतो. सदाफुलीला तसा येत नाही, पण तिलाही शेळी तोंड लावत नाही. आमच्या गावाकडे कण्हेर खाऊन गाय गेलेली मी पाहिली आहे. आणि ही अळी कण्हेरीची पानं पापडासारखी खात होती. सासऱ्यांना सांगितलं, तर ते म्हणाले, "म्हणजे जे कुणी खात नाय ते ही खाती. वाटणीला भाऊबंद नाय. हुशार हाय."

शेजारच्या रिकाम्या प्लॉटला कण्हेरीचं कुंपण होतं. तेव्हापासून रोज संध्याकाळी डबा भरून अळ्या तिकडे नेऊन लावायच्या हे माझं काम झालं. सासरे झाडावर शोधायचे, मी तोडायची. त्यांची नजर माझ्यापेक्षा चांगली झाली होती. पानामागे बारीक, गोल, फिकट हिरवं अंडं असायचं, ते मला दाखवूनही दिसत नसे, आणि सासरे भिंग टेकवून म्हणायचे, "हे बघ. हे पण बघ." अंड्यातून आलेली अळी सुतळीच्या धाग्याएवढी. तिचं शिंग मात्र काळं, लांब, अंगाच्या मानाने केवढं तरी. ती कात टाकायची, वाढायची, पुन्हा कात टाकायची, आणि शिंग दर वेळी अंगाच्या मानाने आखूड होत जायचं. बाकी सगळ्या जनावरांची शिंगं वाढतात, हिचीच कमी होतात.

पण अंडी घालतं कोण? दिवसा कुणी येताना दिसत नव्हतं.

इतकं करूनही तगर ओरबाडलीच गेली. गणपती उठेपर्यंत निम्म्या झाडांचे खराटे झाले. कळी धरायला शेंडाच नव्हता. सासूबाई रोज डबा हलवून बघायच्या. चिंचोक्यांचा आवाज पोकळ यायचा.

एका संध्याकाळी आमचे हे कामावरून आले आणि म्हणाले, "आई, पूजेत एखादी वस्तू नसली तर तिच्या बदली अक्षता वाहतात ना? उरलेल्या फुलांच्या बदली अक्षता वाहा."

"देवाने यांना डोळ्यांच्या बदली अक्षता दिल्या का?" सासूबाई म्हणाल्या. ह्यांनी गपचूप चहा घेतला.

शेजारीण स्वतःच्या अंगणातली फुलं द्यायला तयार होती. तेही नको. यांच्या हातच्या झाडाची फुलं बोलले होते, यांच्याच हातच्या झाडाची वाहणार. आणि लाखोली पुरी झाली नाही तर? ते त्या बोलून दाखवत नव्हत्या. पण सासऱ्यांनी डोळे चोळले की मोजता मोजता त्यांचा हात थांबायचा. दिलेले डोळे देव परत नेईल अशी त्यांना भीती होती. ती मला खुळचट वाटत होती, पण भीती खरी होती. त्या जेवत नव्हत्या नीट.

अशात तो प्रकार झाला. एक मोठी अळी, नुसती खादाड, सासऱ्यांनी ओळखीची करून ठेवलेली. ती एक दिवस खायची थांबली. हिरवा रंग पाठीवरून तपकिरी, मळकट होत गेला. डोळे विझल्यासारखे झाले. मग ती झाडावरून उतरली आणि अंगणातून तरातरा चालायला लागली. इतके दिवस फांदी न सोडणारा जीव, आता थांबायला तयार नाही.

"लागला माझा शाप," सासूबाई म्हणाल्या. "मरणार ती."

सासरे तिच्यामागून वाकून चालत होते. ती ओट्याच्या कडेने गेली आणि निर्माल्याच्या पाटीत शिरली.

लाखोलीचं निर्माल्य म्हणजे थोडंथोडकं नसतं. रोजची वाहिलेली फुलं, बेल, दुसऱ्या दिवशी त्या पाटीत. देवाला वाहिलेलं, म्हणून त्यावर पाय पडू द्यायचा नाही, उकिरड्यावर टाकायचं नाही, पुन्हा चिवडायचंही नाही. पाटी भरली की सासूबाई पोत्यात बांधून सोमवारी शहर बसने गंगेवर न्यायच्या आणि सोडून यायच्या. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो.

सोमवारी सकाळी मी मोरीत कपडे धूत होते. सासरे आले. "सूनबाई, ती पोतं बांधू राहिली. आपली आत हाय."

मी ओल्या हातांनी बाहेर आले. "आत्याबाई, त्यात ती अळी आहे."

"असू दे. गंगेत मेली तर सुटंल."

"म्हणजे तगरीवर मारायची नाही, आणि देवाच्या फुलांत गुंडाळून बुडवायची? चातुर्मासात?"

त्यांचा हात गाठीवर थांबला.

"उचकून बाहेर काढ मग."

"निर्माल्य चिवडायचं नाही असं तुम्हीच सांगता."

त्यांच्याच दोन नियमांमध्ये मी त्यांना अडकवलं होतं. मला अळीचा पुळका नव्हता. मला तो बाण बघायचा होता, आणि तो ह्या पोत्यातून बसमध्ये चढून निघाला होता.

सासऱ्यांनी हळूच पोत्याचं तोंड सैल केलं. वरचा पाला आपणच ढासळला. आत सुकलेल्या फुलांना दोन-चार धाग्यांनी बांधून घेऊन ती पडली होती. अळी नव्हतीच ती आता. खारकेच्या रंगाचा, खारकेहून मोठा कोश, बाजूने काळे ठिपके, मध्ये काळी रेघ. पाय नाहीत, तोंड नाही, शिंग नाही. मी बोट लावलं तर शेपूट हलली.

सासूबाई मागे सरल्या. मग पुढे आल्या. "जित्ती हाय?"

"आहे."

त्यांनी पोतं पुन्हा पाटीत रिकामं केलं, भिंतीच्या सावलीला सरकवलं आणि म्हणाल्या, "हिचं बाळंतपण उरकलं की सांग. तवर गंगा कुठं जात नाय."

पुढच्या निर्माल्याला दुसरी पाटी आली. पहिलीला मुंग्या लागू नयेत म्हणून सासऱ्यांनी तिच्याखाली विटा ठेवून भोवती पाण्याची परात मांडली. शेजारीण कुंपणावरून विचारायची, "काय वहिनी, पाटीत काय पुजलंय?" सासूबाई म्हणायच्या, "तुझा साप."

पितृपक्ष अजून सरायचा होता, तेव्हा दिवेलागणीच्या सुमाराला सासऱ्यांनी हाक मारली. मी दिव्याची वात करत होते, तशीच उठले. कोश पुढून फाटला होता. आतून ओलं, केसाळ, पाय असलेलं काही बाहेर येऊन पाटीच्या कडेवर चढत होतं. पंखांच्या जागी दोन चिंध्या. मला वाटलं अधू निघालं. पण ते कडेला उलटं लटकलं आणि त्या चिंध्या खाली उतरायला लागल्या, मोरीवर वाळत घातलेला धडपा आपल्या वजनाने सरळ होतो तशा. सासूबाई दिवा घेऊन आल्या. दिव्यात रंग दिसला. हिरवा, पण एक हिरवा नाही. गडद, फिका, पोपटी, त्यात गुलाबी आणि पांढऱ्या लाटा. संगमरवरी फरशी हिरवी असती तर अशी दिसली असती.

"डोळे कुठं गेले?" सासऱ्यांनी विचारलं. मानेवर काहीच नव्हतं. खरे डोळे होते, मिरीएवढे. मोठे खोटे डोळे कोशात कुठे तरी जिरले होते.

चौथीच्या पुस्तकातलं चित्र चुकीचं नव्हतं, पण त्यात फुलपाखरू होतं, आणि हे फुलपाखरू नव्हतं. पतंग होता, माझ्या तळव्याएवढा. त्याने पंख थरथरवले, कुकरच्या शिट्टीआधी येतो तसा घरघर आवाज झाला, आणि तो गेला.

सासूबाईंनी दुसऱ्या दिवशी पाटी गंगेवर नेली. जाताना मला म्हणाल्या, "पोरगी झाली का पोरगा?" मी म्हटलं, मला कळलं नाही.

आता खरी गोष्ट तगरीची होती. ओरबाडलेलं झाड मेलं असं आम्ही धरून चाललो होतो. पण घटस्थापनेपर्यंत प्रत्येक खराट्याला जिथे एक शेंडा होता तिथे दोन-तीन फुटले. दिवाळीच्या आसपास तगरीने अशा कळ्या धरल्या की पानं दिसेनात. छाटणीने द्राक्षाचं जे होतं तेच तगरीचं झालं होतं, एवढं आम्हा शेतकऱ्यांना कळायला हवं होतं. कळलं नव्हतं. सासूबाई पहाटे माझ्या आधी उठायला लागल्या. डबा जड झाला. तरी सुरुवातीची तूट मोठी होती आणि दिवस संपत आले होते.

त्रिपुरी पौर्णिमेची पहाट. थंडी पडली होती. आम्ही तिघंही अंगणात. मी तोडतेय, सासरे तोडतायत, सासूबाई ओट्यावर कंदील घेऊन मोजतायत. शेवटचा चिंचोका त्यांच्या मुठीत. खालच्या फांद्या संपल्या. उमललेली फुलं संपत आली.

"एक कमी हाय," त्या म्हणाल्या. "एकच."

सासऱ्यांच्या समोर एक फूल होतं. त्यांनी हात पुढे केला आणि थांबवला. फुलासमोर तो पतंग हवेत उभा होता. बसलेला नव्हता, उभा होता. पंख दिसत नव्हते, नुसती घरघर. तोंडातून धाग्यासारखी सोंड फुलाच्या नळीत. आमचाच होता का दुसरा, कोण सांगणार.

"तोडा की," सासूबाई ओट्यावरून म्हणाल्या. "उजाडू राहिलं."

"थांब. त्याचं पिऊन होऊ दे."

"आन् मग देवाला उष्टं वाहू?"

"मधमाशी रोज उष्टावती. ते चालतं ना?"

सासूबाई कंदील घेऊन खाली उतरल्या आणि सासऱ्यांच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. पतंगाने सोंड काढली, गुंडाळून घेतली, बाजूच्या पानाला पोट टेकवलं, आणि कुंपणावरून पलीकडे, कण्हेरीकडे गेला. अंडी घालायला कोण येत होतं ते मला त्या क्षणी दिसलं.

सासऱ्यांनी फूल तोडून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते लगेच परातीत टाकलं नाही. कंदिलाजवळ धरून ते उलटं-सुलटं केलं, एका डोळ्याने नळीत बघितलं.

"एवढ्याशा नळीत ती सोंड गेली कशी?" त्या म्हणाल्या. "आन् आत असंल तरी काय?"

मला माहीत नव्हतं. सासऱ्यांनी चष्मा काढून त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो घेतला, भिंग फुलावर टेकवलं आणि बघत राहिल्या. शेवटचा चिंचोका अजून मुठीतच होता.